ड्रॉवरमधला बालाजी

उकंडराव म्हसाळांचा देवावर विश्वास होता, भरवसा नव्हता. विश्वास घरातल्या वळणानं येतो. भरवसा यायला अनुभव लागतो, आणि उकंडरावांचा सगळा अनुभव ऑफिसातला होता.

वरवट बकालच्या नळयोजनेच्या ऑफिसात ते तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसत. त्या भागात विहिरीचं पाणी खारं. चहात घातलं तर दूध फाटतं, आणि डाळ तर त्या पाण्यात शिजायचंच नाही असं ठरवून बसते. म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या धरणावरून पाइपलाइननं गोड पाणी आणून गावोगाव पोचवायचं, असा त्या योजनेचा उद्देश होता. पाणी आलं की लोक नळाला हात जोडत, नाही आलं की उकंडरावांना फोन करत. वास्तविक उकंडरावांना व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवतात हेही नीट ठाऊक नव्हतं. ते काम माणिकराव व्हॉलमनचं. पण माणिकराव दिवसभर सायकलवर, उकंडराव दिवसभर खुर्चीवर. आणि लोकांना शिव्या द्यायला बसलेला माणूस बरा पडतो.

त्यातून स्वभाव संशयी. कुणी रामराम घातला तर ‘हा आज काऊन रामराम घालून राह्यला?’ यावर त्यांची अर्धी सकाळ जाई. बायकोनं न मागता चहा पुढे केला की ते आधी दुधाचा वास घेत आणि मग बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज. अशा माणसाचं रक्त शांत कसं वाहणार? डॉक्टरांनी हाताला पट्टा गुंडाळला, काटा पाहिला, आणि ‘ताण घेऊ नका’ म्हणाले. जणू काही उकंडराव तो बाजारातून पिशवीत घालून आणत होते.

“तुम्ही देवाला सांगत जा की,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर देऊळगाव राजाचं. इतकी वर्षं वरवटातल्या ‘मले-तुले’त काढूनही त्यांचं ‘मला-तुला’ सुटलं नव्हतं आणि माहेरचा बालाजीही सुटला नव्हता.

“काय सांगू?”

“ऑफिसातलं. फोनचं, भांडणाचं, छाती धडधडते त्याचं. सगळंच.”

“नळाचं देवाले सांगू?”

“मी तर कुकरचं झाकण बसत नाही ते बी सांगते.”

“मंग बसते?”

“बसतं.”

उकंडरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. इतकी वर्षं जिनं आपल्या ऑफिसाची चौकशी केली नाही, ती आज थेट देवापर्यंत प्रकरण न्यायला निघाली? डॉक्टरनं हिला एकटीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलेलं दिसतं.

“डाक्टर काही बोलला काय तुले?”

“नाही बाई.”

इतक्या पटकन ‘नाही’ आलं, त्या अर्थी नक्की बोलला असणार. त्या रात्री उकंडरावांचं रक्त आणखी चढलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली, बालाजीची एक छोटी तसबीर निघाली. टेबलावर ठेवावी तर ऑफिसात नियम असतात, आणि नियमांपेक्षा वाईट म्हणजे माणसं असतात. घरी परत न्यावी तर बायको विचारणार. शेवटी त्यांनी ती टेबलाच्या वरच्या ड्रॉवरात, शाईच्या पॅडशेजारी, उभी करून ठेवली आणि ड्रॉवर लोटून दिला.

देव आहे, हे उकंडरावांना मान्य होतं. पण तो इतका रिकामा आहे की वरवट बकालच्या एका बाबूच्या टेलिफोनकडे लक्ष देईल, हे पटत नव्हतं. त्याच्याकडे भूकंप आहेत, निवडणुका आहेत, लोकांच्या पोरींची लग्नं आहेत. तिथेही आवक-जावक शाखा असेलच. आपला कागद कुठल्या तरी देवदूताच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून राहील. तरी त्या दिवशी सकाळपासून फोन इतका खणखणला की त्यांनी ड्रॉवर चार बोटं उघडला, आजूबाजूला पाहिलं आणि खोकल्यासारखं करून म्हटलं, “आज फोन जरा कमी येऊ दे.”

थोड्याच वेळात फोन मेला. गटार खणणाऱ्या जेसीबीनं नाक्यावरची केबल उखडली होती.

ऑफिसात अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. दुसरा कुणी असता तर त्यानं डोळे मिटून हात जोडले असते. उकंडराव मात्र ताठ बसले. पहिल्याच अर्जात काम झालं की त्यात खोट असते, हे ते नोकरीत शिकले होते.

खोट दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरमधून आली. फोन लागत नाही म्हटल्यावर खारखेडच्या बाया रिकामे हंडे घेऊन जातीनं हजर झाल्या. पुढे अन्नपूर्णाबाई. या बाईचा आवाज असा, की तिला फोनची गरज कधी नव्हतीच. आजवर ती फोन करत होती हा तिचा मोठेपणा.

“काऊन जी उकंडराव, फोन काढून ठेवता? तोंड लपवून राह्यले काय?”

“केबल तुटली बाई.”

“आमच्या नळाची बी तुटली म्हणता, तुमच्या फोनची बी तुटली म्हणता. तुमचं धड काय हाय?”

हंड्यांचा खणखणाट ओसरल्यावर उकंडरावांनी ड्रॉवर उघडला आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मी असं म्हटलं होतं काय?” मग त्यांच्या लक्षात आलं की चूक आपलीच. मसुदा मोघम होता. त्या दिवसापासून ते व्यवस्थित बोलू लागले. “विनंती की, आजच्या दिवशी तक्रारी कमी याव्यात. त्या फोन बंद न पडता, केबल न तुटता, व कोणीही समक्ष न येता कमी याव्यात.”

देवाशी असं बोलण्यात तासातून एक-दोन मिनिटं जात. पण छातीतली धडधड तेवढ्यापुरती खाली बसे, हे मात्र खरं. उकंडरावांना त्याचाही संशय आला. त्यांनी ते डॉक्टरच्या गोळीच्या नावावर जमा केलं.

इकडे ऑफिसात वेगळंच शिजत होतं. चांगला वयस्क माणूस ड्रॉवर किलकिला करतो, आत तोंड घालून कुजबुजतो आणि कुणी आलं की झटकन बंद करतो, हे लोक किती दिवस पाहणार? कॉम्प्युटरवर बसणाऱ्या डिंपलला वाटलं, काका डॉक्टरांना चोरून शेवचिवडा खातात. माणिकराव व्हॉलमनला वाटलं, आत मोबाइल आहे आणि म्हातारा आपलं सगळ्यांचं वरच्या ऑफिसला कळवतो. माणिकराव दुपारी व्हॉल्व्ह सोडून निंबाखाली झोपत असल्यामुळे हे त्याला फारच पटलं. तो अचानक वेळेवर येऊ लागला. येताना चहा आणू लागला, तोही अद्रक घातलेला.

“घ्या जी बाबूजी. गरम हाय.”

‘बाबूजी?’ उकंडरावांनी कप नाकाशी नेला. ‘हे माझ्या मागं काहीतरी करून राह्यले.’

अशा रीतीनं ऑफिसातला प्रत्येक माणूस दुसऱ्याशी गोड वागत होता आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या भीतीनं घाम फुटत होता. ऑफिस इतकं सुरळीत कधी चाललं नव्हतं.

फुटलं ते डिंपलमुळे. शिक्क्याचं पॅड हवं म्हणून तिनं उकंडराव जेवायला गेले असताना ड्रॉवर ओढला, आणि शेवचिवड्याऐवजी बालाजी पाहून तिनं सवयीनं हात जोडले. जोडलेच आहेत तर म्हणून तिनं आपलंही सांगून घेतलं: कॉम्प्युटर सारखा गोठतो आणि वरून मॅडम ओरडतात. दुपारी कॉम्प्युटर सुरळीत चालला. मग ही गोष्ट तिच्या पोटात कशाला राहते?

दुसऱ्या दिवसापासून ड्रॉवर उकंडरावांचा राहिला नाही. डिंपल येता-जाता एक फूल ठेवी. माणिकराव सायकलच्या पंक्चरपासून सासूच्या मुक्कामापर्यंत सगळं तिथे मोकळं करी. उकंडरावांना आत हात घालून पेन काढायची चोरी झाली. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या मनात एक हिशेब सुरू झाला. एवढीशी तसबीर, त्यात बोटभर देव. त्याचं लक्ष ते किती? त्यातलं अर्धं माणिकरावाच्या सासूवर खर्च झालं तर आपल्याला काय उरणार? आधी आपली ओळख, आपण आणलेला देव, आणि आता आपलाच नंबर मागे.

अशा वेळी शेजारच्या गुलाबरावांना गप्प बसणं शक्य नव्हतं. गुलाबराव निवृत्त मास्तर. शाळा सुटली पण शिकवणं सुटलं नव्हतं. ते ऑफिसात फुकटचा पेपर वाचायला येत. त्यांनी ड्रॉवर पाहिला, उपरण्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“उकंडराव, देव दक्षिणेकडे पाहून राह्यला.”

“मंग?”

“मंग काय? म्हणूनच तुमचं बीपी उतरत नाही. टेबल फिरवा.”

“टेबल फिरवलं तं माही पाठ दाराकडे होईन ना.”

“देवासाठी लोकं डोंगर चढतात, तुम्हाले पाठ फिरवता येत नाही?”

माणिकराव आणि डिंपल लगेच पुढे झाले. टेबल फिरवताना त्याचा एक पाय मोडला. त्याखाली विटा लावाव्या लागल्या. नुकतीच जोडलेली फोनची वायर पुन्हा तुटली आणि उकंडरावांची पाठ दाराकडे झाली. ज्या माणसाला समोरून येणाऱ्याचा भरवसा नाही, त्याला मागून येणारे दिसेनासे झाले. त्यांनी भंगारातून स्कूटरचा आरसा आणून टेबलावर बसवला आणि त्यात दार पाहत ते काम करू लागले. तक्रार घेऊन येणाऱ्याला वाटे, बाबू भांग पाडत बसलाय.

पण खरा घाव पुढेच होता. अन्नपूर्णाबाई पुन्हा आली. उकंडरावांनी पेन उघडलं. “बोला, काय तक्रार?”

“सरका तिकडे. तुमच्याजवळ नाही आली मी.” तिनं ड्रॉवर स्वतः ओढला, पदर सावरला आणि खारखेडच्या नळाची सगळी हकिकत उकंडरावांच्या पोटासमोरून थेट बालाजीला ऐकवली. “याहिले सांगून सांगून थकलो बाप्पा. आता तूच पाह्य.” मग तिनं टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. पाणी तक्रारींच्या कागदांवर, करवंटीचा तुकडा आरशावर.

इतकी वर्षं या टेबलावर शिव्या खाल्ल्या, पण शिव्या का असेना, त्या आपल्याला मिळत होत्या. आता लोक आपल्याला ओलांडून पुढे जाऊ लागले. घरी येऊन ते न जेवता बसले.

“देव चोरला माहा,” ते म्हणाले.

“कुणी?”

“सगळ्याइनं.”

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पोळीवर जरा जास्त तूप घातलं. उकंडरावांनी त्या तुपाकडेही संशयानं पाहिलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात धरणावरची मोठी मोटर जळाली.

सगळी गावं कोरडी पडली. योजनेच्या इंजिनिअर अर्पिता मॅडम ऑफिसात नव्या होत्या. अमरावतीकडच्या, वयानं उकंडरावांच्या मुलीएवढ्या, पण चेहरा असा घट्ट की हसण्याला परवानगी लागत असावी. बोलणं पुस्तकातलं. मोटरचा पार्ट मिळेना, वरून फोन, खालून फोन, आणि खारखेडच्या बायांनी उद्या मोर्चा आणणार असं कळवलेलं. त्यात मॅडमना नारळाची करवंटी सापडली. संध्याकाळी उकंडरावांच्या हातात नोटीस पडली: ‘शासकीय टेबलाच्या ड्रॉवरमध्ये देवता ठेवून कामकाजात अडथळा आणल्याबाबत खुलासा करावा.’

नोकरीत पहिली नोटीस. तीही देवाच्या बाबतीत. कुणी सांगितलं असेल? माणिकराव? गुलाबराव? डिंपल? मॅडमना मुळात मोटरचं खापर फोडायला एक डोकं हवं असणार, आणि ते डोकं ठरलेलं दिसतं. मोर्चा येईल, पुढारी विचारतील, ‘जबाबदार कोण?’ आणि मॅडम म्हणतील, ‘हा पाहा, काम सोडून ड्रॉवरात पूजा करणारा.’ उकंडरावांना सगळा डाव लख्ख दिसला. छाती ढोलासारखी वाजू लागली. पुरावा नष्ट करायचा. उद्या ऑफिस उघडण्याआधी जायचं आणि तसबीर उचलायची.

सकाळी ते पोचले तेव्हा झाडणाराही आला नव्हता. तरी दार उघडं होतं. चपला बाहेर काढून ते भिंतीला लागून आत सरकले आणि थबकले. त्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

अर्पिता मॅडम. पायाला घोट्यापर्यंत चिखल, केस विस्कटलेले. धरणावरून परस्पर आलेल्या दिसत होत्या. ड्रॉवर उघडा होता.

‘पंचनामा,’ उकंडरावांच्या मनात आलं. ते कपाटाआड झाले.

पण मॅडम लिहीत नव्हत्या. बोलत होत्या, आणि पुस्तकातलं नव्हे.

“मले काई समजून नाई राह्यलं देवा. मिस्त्री म्हणते, आज मोटर बसते. बसली पाह्यजे ना. लोकं येतीन, मी काय सांगू त्याहिले?” त्या थांबल्या. चिखलाच्या हातानं नाक पुसलं. “तिकडे मायनं गोळी घेतली असन का नाई, थे बी मले ठाऊक नाई. फोन करावा तं माय अजून उठली नसन. आन हे उकंडराव. काल नोटीस देल्ली म्या त्याहिले. वरून साहेब ओरडले, म्या त्याहिच्यावर काढलं. नोटीस घेतानी त्याहिचं तोंड लालबुंद झालतं. त्याहिले काई होऊ देऊ नको बाप्पा. तेवढं पाह्य.”

उकंडराव कपाटाआड उभे होते तसेच उभे राहिले.

त्यांनी सवयीनं संशय घेऊन पाहिला. आपण आलो हे हिला दिसलं असेल, म्हणून बोलत असेल? पण बाई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, आणि आरसा तर नारळानं फुटला होता. मग दुसरा संशय घेतला, तोही टिकला नाही. तिसरा सुचला नाही.

त्यांच्या डोक्यात एवढंच फिरत राहिलं: मोटर जळालेली, मोर्चा दारात, आई तिकडे एकटी. एवढी मोठी यादी घेऊन बसलेल्या बाईनं त्या यादीतली एक जागा आपल्याला दिली. आपण इतके दिवस आपला नंबर कोण पळवतो ते मोजत बसलो, आणि आपलं नाव भलत्याच माणसाच्या तोंडून तिथे पोचत होतं.

मॅडम उठल्या. वळल्या, आणि कपाटाआडचे उकंडराव दिसताच दचकल्या. चेहरा पुन्हा घट्ट करायचा त्यांनी प्रयत्न केला. पण नाकाला चिखल लागलेला असताना ते जमत नाही.

“तुम्ही केव्हा आलात?”

“आत्ताच,” उकंडराव म्हणाले. हे खोटं बोलणं त्यांना कुठल्याही खऱ्यापेक्षा बरं वाटलं. “मॅडम, तसबीर नेतो मी घरी. खुलासा बी देतो.”

मॅडमनी ड्रॉवरकडे पाहिलं. “मोटर बसेपर्यंत राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि तोंड धुवायला निघून गेल्या.

उकंडराव खुर्चीत बसले. मसुदा करावा म्हणून घसा साफ केला, पण ‘विनंती की’ काही तोंडातून येईना. “मॅडमच्या मायनं गोळी घेतली असन, पाहून घेजो,” ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, “आन मले भेव वाटून राह्यलं.” हे वाक्य त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर काही घडलं नाही. केबल तुटली नाही, पंखाही थांबला नाही. फक्त छातीतला ढोल आपोआप हळू वाजू लागला. या वेळी त्यांनी ते गोळीच्या नावावर जमा केलं नाही, कारण गोळी घ्यायची राहूनच गेली होती.

मोर्चा उन्हं चढल्यावर आला. हंडे, घोषणा, आणि सगळ्यांत पुढे अन्नपूर्णाबाई. मॅडम बाहेर निघाल्या, तेवढ्यात उकंडराव त्यांच्या पुढे जाऊन पायरीवर उभे राहिले. दरवेळी ते ‘वरिष्ठांना कळवलं आहे’ म्हणत. आज म्हणाले, “मोटर जळाली. मॅडम रातभर धरणावरच होत्या. मिस्त्री लागलेला हाय. संध्याकाळपावतो पाणी येईन असं वाटते. पण शब्द नाही देत.”

बायांनी हंडे खाली ठेवले. अन्नपूर्णाबाईनं डोळे बारीक केले. “आज काऊन खरं बोलून राह्यले जी?”

“बसा. एकेक जण सांगा, कोणाचं काय अडलं थे.”

“लिहून घेता?”

“लिहीन. पह्यले ऐकतो.”

मग त्या बसल्या आणि सांगू लागल्या. कुणाच्या घरी बाळंतीण होती, कुणाची डाळ खाऱ्या पाण्यात शिजत नव्हती, कुणाची सासू आंघोळीवाचून रुसली होती, आणि एकीला नुसतंच सांगायचं होतं की नवरा हंडा उचलत नाही. नवऱ्याची तक्रार नळयोजनेच्या कक्षेत येत नाही, असं उकंडराव एरवी म्हणाले असते. आज त्यांनी तीही पुरती ऐकली. माणिकराव धरणावर होता म्हणून चहा डिंपलनं आणला. गुलाबराव लांबून बायांना बसण्याची दिशा सुचवत होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुपार कलल्यावर माणिकरावाचा मॅडमच्या मोबाइलवर फोन आला. मोटर बसली होती. बायांचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्या ऑफिसासमोरच्या नळाभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या. नळ आधी खोकला, मग शिंकला, मग त्यानं एक लाल गढूळ गुळणी टाकली. बऱ्याच वेळानं स्वच्छ धार आली. अन्नपूर्णाबाईनं ओंजळ धरली, वास घेतला, जिभेवर थेंब ठेवला, आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली, “गोड हाय.”

मॅडम भिंतीशी उभ्या राहून मोबाइलवर कुणाला तरी विचारत होत्या, “गोळी घेतली का माय?” पलीकडून काय उत्तर आलं ते उकंडरावांना ऐकू आलं नाही, पण मॅडमचा चेहरा दिसला. त्यांना तेवढं पुरलं.

ते उजेडातच घरी पोचले. मनकर्णाबाई मागच्या अंगणात वाळवण काढत होत्या. “आज काय सांगितलं देवाला?” त्यांनी तिथूनच विचारलं. मग ताटली घेऊनच त्या घरात आल्या तर उकंडराव पुढच्या खोलीत बाजेवर आडवे, तोंड उघडं, आणि घराचं दार सताड उघडं. रस्त्यावरून माणसं जात होती, एक शेळी उंबऱ्यावर पाय ठेवून आत पाहत होती, आणि आयुष्यभर दोन कड्या लावून वर खुर्ची टेकवणारा हा माणूस खुशाल झोपला होता.

इतक्या वर्षांच्या संसारात मनकर्णाबाईंना पहिल्यांदा संशय आला. त्या वाळवणाची ताटली खाली ठेवून धावत बाजेजवळ गेल्या आणि नवऱ्याच्या नाकासमोर हात धरून, श्वास रोखून उभ्या राहिल्या.

उकंडराव घोरले.